बनुबाईची चाळीस गाडगी

रहिमतपूर,
शुक्रवार, सकाळचे नऊ

तीर्थस्वरूप लालासाहेब पाव्हणे यांचे सेवेशी,

कृष्णातचा शिरसाष्टांग नमस्कार. वहिनींनाही नमस्कार सांगावा. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? डाळिंबाला पाणी पुरतंय का? इकडे आम्ही सर्वजण खुशाल आहोत, आणि या 'सर्वजण'मध्ये तुमची बहीण बनुबाई धरलेली आहे, हे सुरुवातीलाच स्वच्छ लिहितो. या घटकेला ती परड्यात शेवग्याखाली उभी राहून शेजारणीला शेंगा पाडून देते आहे आणि तिचा आवाज मला इथपर्यंत येतो आहे. नाडी, भूक आणि राग, तिन्ही व्यवस्थित आहेत.

तुम्ही माझा फोन उचलत नाही. वहिनी उचलतात, 'हे रानात गेल्यात' म्हणतात, आणि मागून तुमचा खोकला ऐकू येतो. (खोकल्यावर ज्येष्ठमध चघळावं.) म्हणून पत्र लिहायला बसलो. फौजेत अठ्ठावीस वर्षं मी पत्रावरच संसार केला. पत्राचा एक फायदा असा की माणूस ते मध्येच ठेवून देत नाही. फार तर फाडतो, पण फाडायच्या आधी वाचतो. तुमचा राग मला मान्य आहे. गेल्या रविवारी तुम्ही दोन जीपा करून अठरा माणसांनिशी दुखवट्याला आलात, दाराला कुलूप बघितलंत, आणि माहेराला न कळवता आम्ही बाईमाणूस परस्पर जाळलं असा तुमचा समज झाला. तुमच्या जागी मी असतो तर कुलूप फोडलं असतं. पण हे घडलं कसं ते कोणी तुम्हाला नीट सांगितलेलं नाही. तेव्हा सुभेदाराने द्यावा तसा पहिल्यापासून रिपोर्ट देतो.

सुरुवात आमच्या संयोगितापासून झाली. तुमची भाची पुण्यात डिझाइन शिकली हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे नक्की काय शिकली हे मलाही आत्ता आत्ता कळायला लागलं आहे, आणि जितकं कळतं तितकं जेवण कमी होतं. एप्रिलात ती सुट्टी काढून आली तेव्हा बनुबाईचं कांदा-लसूण मसाल्याचं काम चालू होतं. (आपण याला चटणी म्हणतो. संयोगिता म्हणते, चटणी म्हटलं की शहरातल्या माणसाच्या डोळ्यापुढे हिरवं काहीतरी येतं.) आजवर आम्ही ही चटणी कशी विकत होतो? प्लास्टिकची पिशवी, तिला वरून रबर, आणि आत एक चिठ्ठी: सौ. बनुबाई, रहिमतपूर. चिठ्ठीला तेल सुटून अक्षर दिसेनासं व्हायचं, पण वाचायची गरज कोणाला होती? माणूस वासावरून दार शोधत यायचा. पोरीने ती पिशवी दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात बघितली, डॉक्टर एक्स-रे बघतो तशी, आणि म्हणाली की आईच्या हाताला हे शोभत नाही. इथेच आम्ही हरलो. बनुबाईच्या हाताला काय शोभतं हा विचार, पाव्हणं, चौतीस वर्षांत मीसुद्धा केला नव्हता.

मग घरात शिक्षण सुरू झालं. मी लेबल सुचवलं होतं: वर गणपती, मध्ये वर्दीतला माझा फोटो, खाली मिरच्यांची रास, चारी बाजूंनी वेलबुट्टी, आणि तळाला 'एकदा खाल तर पुन्हा याल'. पोरीने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की डोळ्याला श्वास घ्यायला जागा लागते. (फौजेत आम्हाला नाकाने घ्यायला शिकवलं होतं.) लाल रंग ओरडतो, असंही ती म्हणाली. मी म्हणालो, बाई, ती चटणी आहे, ती ओरडणारच. पण तिची मैत्रीण अंकिता पुण्याहून आली होती, ती या विषयातली मोठी जाणकार आहे म्हणे, आणि दोघींनी मला लॅपटॉपवर जपानमधल्या एका लोणच्याचा डबा दाखवला. त्यावर काहीच नव्हतं. मी पाच मिनिटं बघितलं. खरोखर काहीच नव्हतं, आणि शेवटी शेवटी मलाही ते थोडं आवडलं, हे कबूल करतो. एकदा माणूस तिथवर आला की पुढची वाट उताराचीच असते.

शेवटी ठरलं असं: कच्च्या मातीच्या रंगाचं, ओंजळीत मावेल एवढं गाडगं. त्यात चटणी. तोंडावर पांढरं मांजरपाट. वरून सुती दोरा. नाव नाही, गाव नाही. फक्त बुडाला नखाएवढा शिक्का.

आता तुम्ही वाचता वाचता थांबला असाल. तुमच्या डोळ्यापुढे जे आलं ते माझ्याही डोळ्यापुढे आलं होतं. पहिलं गाडगं बांधून पोरीने माझ्यापुढे धरलं तेव्हा मनाला काहीतरी टोचलं. पण तिचं तोंड असं फुललं होतं, आणि 'कसं वाटतंय पप्पा' असं तिने दोनदा विचारलं होतं, की टोचलं ते काय हे ओळखायचं मी टाळलं. 'एक नंबर,' म्हणालो. बनुबाईने नुसतं 'बरं दिसतंय' म्हटलं आणि नव्या वस्तूला लावतात तसं त्याला हळद-कुंकू लावलं. ते लावल्यावर तर मी उठून बाहेरच गेलो. गाडगी आणायला सिद्धू कुंभाराकडे गेलो होतो तेव्हा त्याने फडक्याचा तुकडा माझ्या हातात बघून डोक्यावरची टोपी काढली होती आणि घरचं सगळं बरं आहे ना असं दबकत विचारलं होतं. मी म्हणालो, चाळीस पाहिजेत. तो बिचारा ओट्यावर बसलाच. पण बोलला तोही नाही. आपल्या भागात माणसं फार सभ्य आहेत, हीच मोठी अडचण आहे.

आता पोशाखाचं. सांगलीत प्रदर्शन होतं, घरगुती उद्योग आणि नव्या पद्धतीची कला, दोन्ही एकाच हॉलमध्ये. तिथे मालाला शोभेल असं आपण दिसलं पाहिजे, असा हुकूम सुटला. बनुबाईला राखाडी रंगाची बिनकाठाची साडी. मला पांढरा सदरा आणि पायजमा, तोही इस्त्रीशिवाय. (चुरगळलेलं मुद्दाम ठेवायचं असतं. मी अठ्ठावीस वर्षं गादीखाली पँट घालून झोपलो ते फुकट गेलं.) इथपर्यंत ठीक होतं. पण शनिवारी फोटो काढताना अंकिता कॅमेऱ्यातून बघत म्हणाली की काकांच्या मिशा फार जागा घेतात. संयोगिताने माझ्याकडे बघितलं. पाव्हणं, ही मिशी मी सियाचिनच्या पायथ्याला राखली होती. बर्फ लागून गोठायची, मग मी चहाच्या वाफेवर धरायचो. ती मी शनिवारी दुपारी स्वतःच्या हाताने उतरवली. आरशात कोणीतरी बदली होऊन आलेले मास्तर दिसले. बनुबाईने मला बघितलं आणि पदर तोंडाला लावला. हसली की रडली ते मी विचारलं नाही.

रविवारी सकाळी पोरी, बनुबाई आणि एकोणचाळीस गाडगी अंकिताच्या गाडीतून सांगलीला गेली. गाडीत मला जागा उरली नाही. चाळिसावं गाडगं, सगळ्यात सुबक, ते प्रदर्शनाच्या पाहुण्यांच्या हातात द्यायचं होतं, म्हणून ते माझ्या मांडीवर देऊन मला एसटीत बसवलं. आता डोळ्यापुढे आणा: बिनमिशीचा माणूस, चुरगळलेले पांढरे कपडे, मांडीवर फडकं बांधलेलं गाडगं, वर हळद-कुंकू. एसटी भरलेली होती. मी चढताच दोघं उठले. खिडकीची जागा दिली. कंडक्टरने आवाज खाली आणून तिकीट दिलं. एका म्हातारीने केसातलं झेंडूचं फूल काढून गाडग्यावर ठेवलं आणि हात जोडले. आणि मला, लाज वाटते लिहायला, अतिशय आनंद झाला. मनात म्हणालो, पोरगी म्हणत होती ते खरं आहे, आकर्षक पॅकिंगची माणसाच्या मनावर काय छाप पडते बघा.

तेवढ्यात तुमचे आटपाडीचे आप्पासो दिसले. लेकीकडे कोरेगावला आले होते, कराडला उतरून पुढे विट्याची गाडी धरणार होते. ते शेजारी येऊन बसले, गाडग्याकडे बघितलं, मग माझ्या ओठाकडे बघितलं. पुढचं बोलणं मी शब्दाला शब्द लिहितो, कारण सगळा घोळ त्यातच आहे.

"बनुबाई?" त्यांनी हळूच विचारलं.

"व्हय," मी म्हणालो, "तिचंच हाय."

"कवा झालं?"

"गुरवारी. लय तरास झाला तिला. दोन दीस खोकला थांबंना, डोळ्याचं पानी खळंना. पर झालं एकदाचं."

आप्पासोंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "समदं ह्याच्यातच?"

"छ्या. चाळीस गाडगी झाल्यात. बाकीची पोरगी म्होरं घिऊन गेली."

"चाळीस?"

"पुनं, नाशिक, समदीकडं जानार. पोरगी म्हनती, दिल्लीपातूर पाठवू. एक तर परदेशात जाईल."

आप्पासोंनी गाडग्याला हात लावून तो कपाळाला लावला. मग डोळे पुसून म्हणाले, "लेक असावी तर अशी."

मला वाटलं, अखेर मालाची कदर असणारा एक माणूस भेटला. कराडला उतरताना ते माझ्या पाया पडले. मी वयाने लहान, तरी पडले. खाली उतरून त्यांनी खिशातून फोन काढलेला मी खिडकीतून बघितला, आणि हात हलवला.

त्यांनी तो फोन तुम्हालाच केला हे आता मला माहीत आहे. त्यांना दोष देऊ नका. मी त्यांच्या जागी असतो तर मीही केला असता.

सांगलीत हॉलच्या मधोमध एक पडदा होता. पडद्याच्या अलीकडे पापड, लोणची, हळद. पलीकडे नवी कला. त्या कलेत एक तुटकी सायकल तारेने टांगलेली होती, आणि एका गादीवर नुसते चष्मे मांडले होते. आमचा स्टॉल नेमका पडद्याला लागून. पोरींनी एकोणचाळीस गाडगी पांढऱ्या पायऱ्यांवर रांगेने मांडली होती आणि मागे राखाडी साडीत बनुबाईला बसवलं होतं, गिऱ्हाइकाला हाका मारायच्या नाहीत या बोलीवर. शेजारी भरतेश आणि त्रिशला यांचा हळदीचा स्टॉल. त्यांच्या पुड्यावर मोर होता, उगवता सूर्य होता, आणि भरतेशच्या आईचा, सुंदरीबाईंचा, हसरा फोटो होता. अक्षरं तीन रंगांत. त्या पुड्यात डोळ्याला श्वास घ्यायला तिळाएवढी जागा नव्हती, आणि माणसं एकमेकांच्या खांद्यावरून हात घालून पुडे नेत होती. आमच्याकडे येणारा माणूस मात्र चार हात लांब थांबायचा, गप्प व्हायचा, आणि पाय न वाजवता निघून जायचा. एकाने तर चपला काढल्या.

साडेबाराला कमिटीच्या एक बाई आल्या. मोठा चष्मा, कानात लाकडाचे ठोकळे. त्या गाडग्यांपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. (वारा बनुबाईच्या बाजूने होता, मिरचीचंही असेल.) स्वयंपाकघरात आयुष्य संपवणाऱ्या बायका, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. मग त्यांनी दोन माणसं बोलावून स्टॉलभोवती दोरी बांधली, 'हात लावू नये' अशी पाटी लावली, आणि पडदा दोन हात अलीकडे सरकवला. आम्ही अख्खे पलीकडे गेलो. अर्ध्या तासात नव्या कलेचं पहिलं बक्षीस जाहीर झालं, कलाकृतीचं नाव 'माघारी', कलाकार सौ. बनुबाई. शाल, नारळ आणि टाळ्या. चिमूटभर चटणी विकली गेली नाही, कारण दोरीच्या आत यायला आता कोणाला परवानगीच नव्हती. बनुबाई शाल पांघरून तशीच बसली. तिचं मौन हासुद्धा प्रयोगाचाच भाग आहे असं लोक एकमेकांना सांगत होते.

त्रिशला मोठ्या मनाची बाई. तिने मला ताकाचा पेला दिला आणि म्हणाली, "सुभेदार, राग मानू नका. सकाळधरनं इचारीन म्हनते. घरातलं कोन गेलं?"

पेला माझ्या हातातच राहिला. पंधरा दिवस जे टोचत होतं त्याला नाव मिळालं: अस्थींचं गाडगं. आणि त्याच वेळी रहिमतपूरहून शेजाऱ्याचा फोन आला की, सुभेदार, तुमच्या मेहुण्यांची माणसं दारात बसून आकांत करतायत, घराला कुलूप, काय झालंय, काही समजत नाही. मी फोन बनुबाईकडे दिला. तिने सगळं ऐकलं. मला वाटलं, आता ही हॉल डोक्यावर घेणार. पण तिने एवढंच विचारलं, "दादा आलाय?" पलीकडून हो म्हणाले असणार. मग तिने विचारलं, "रडतोय का?" उत्तर ऐकून ती खुर्चीवर बसली, आणि पाव्हणं, त्या दोरीच्या आत, शंभर माणसांपुढे, ती ढसाढसा रडली. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

संयोगिता पडद्यामागे जाऊन जमिनीवर बसली होती. मी जवळ गेलो. ती वर न बघता म्हणाली, "पप्पा, तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं होतं ना?"

मी म्हणालो, "दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत? आणि विश्वजीतदादाच्या लग्नपत्रिकेच्या वेळीसुद्धा कोणी बोललं नाही. मामांचं नाव पाहिजे, एवढं एकाने तरी सांगायचं होतं. मी एकोणीस वर्षांची होते."

या पत्रात सगळ्यात कठीण ओळ ही आहे, म्हणून एका दमात लिहितो. सहा वर्षांपूर्वी आमच्या विश्वजीतच्या लग्नात ती पांढरी पत्रिका निघाली, जिच्यावर दोन नावं आणि एक तारीख सोडून काही नव्हतं. मामा म्हणून तुमचं नाव नव्हतं. तुम्ही अक्षता टाकून न जेवता गेलात, आणि त्यानंतर सहा भाऊबिजा आल्या नाहीत. घरात सगळे म्हणतात, पोरीने घोटाळा केला. खरं असं आहे की पत्रिका छापायला जाण्याआधी तिने मला दाखवली होती. तुमचं नाव नाही हे मी बघितलं होतं. पोरीने पहिल्यांदाच काहीतरी स्वतः केलंय, कशाला नाट लावा, म्हणून मी 'एक नंबर' म्हणालो. शत्रूच्या गोळीला भ्यालो नाही, पण लेकीच्या उतरलेल्या तोंडाला मी दोनदा भ्यालो, आणि दोन्ही वेळा किंमत तुमच्या बहिणीने दिली. तेव्हा तिच्यावर नाही, माझ्यावर रागवा.

आम्ही बक्षीस तिथेच टाकून निघालो. घरी पोचलो तोवर तुमच्या जीपा गेल्या होत्या. बनुबाईने आल्या आल्या वहिनींना फोन लावला. पहिल्यांदा तिचा आवाज ऐकून वहिनींनी फोन टाकून दिला, दुसऱ्यांदा दोघी बोलल्या, म्हणजे रडल्या. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. गाडगी आता आमच्या पुढच्या दाराच्या सोप्यात चार रांगांत आहेत. शेजारीण शेंगा न्यायला मागच्या दारानेच आली. मी आरशापासून लांब राहतो. कलेबद्दल म्हणाल तर तिने माझं इतकं वाकडं केलं आहे की आता नुसता कोरा कागद बघितला तरी छातीत धडधडतं.

वहिनींना नमस्कार आहेच. गुडघ्याला जपावं. चुकलेल्या माणसाला पदरात घेणं न घेणं थोरल्यांच्या हातात असतं. तुम्ही जे ठरवाल ते मी ताठ उभं राहून ऐकेन.

आपला अपराधी,
कृष्णात

ता. क. अंकिताने गाडग्यांचे फोटो कुठेतरी टाकले होते. पुण्यातल्या तीन दुकानांनी माल मागितला आहे, गाडग्यासकट. मी म्हणालो, आता पुरे झालं. पोरीने आईला विचारलं, आई हो म्हणाली. मला कोणी विचारलं नाही.

आणखी एक. खरं तर सगळं पत्र यासाठीच होतं, पण वर लिहायचा धीर झाला नाही. वहिनी बोलता बोलता बनुबाईला म्हणाल्या की त्या दिवशी येताना तुम्ही विट्याला जीप थांबवलीत आणि माहेरची शेवटची म्हणून तिच्या नावाने वाहायला हिरवी साडी घेतलीत. दुकानदाराने साधी काढली तर तुम्ही म्हणालात, हलकी नको, तिला गर्द हिरवं लय आवडतं. ती साडी आता तुमच्या कपाटात आहे आणि वहिनी तिला हात लावायला भितात. बनुबाई म्हणते, ती मला पाहिजे, मी नेसणार. मी म्हणालो, असली साडी नेसत नाहीत, अपशकुन असतो. तर म्हणाली, "सा वर्सांत दादानं घेतल्याली पैली साडी हाय. जित्तेपनी नेसली तर कसला आलाय अपशकुन?" तेव्हा साडी कुरिअरने धाडू नये. स्वतः घेऊन यावं. तुम्ही यावं असं ती तोंडाने म्हणत नाही. पण सोमवारपासून रोज सकाळी उंबऱ्यापुढे रांगोळी काढून झाली की ती उठत नाही, तिथेच बसून रस्त्याकडे बघते.